नंबर नसलेलं नाव

१७ जानेवारी, शुक्रवार

मी आत्या झाले! दुपारी कासाच्या हॉस्पिटलात सुनिता वहिनीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. नितीनदादा बोईसरच्या कंपनीतून थेट बाइकवर आला आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून वॉर्डात शिरला. नर्सबाई म्हणाल्या, "बाळ बघायचंय की पेट्रोल भरायचंय?" दादाला ते कळलंसुद्धा नाही. तो नुसता बाळाकडे बघत राहिला. शेवटी मीच त्याचं हेल्मेट काढलं.

ही डायरी त्याच्याच कंपनीची आहे. नवीन वर्षाची म्हणून त्यानं मला दिली होती. इतके दिवस लिहायला काही नव्हतं. आता आहे.

घरी येऊन आजीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "आज वार कोणता?" शुक्रवार म्हटल्यावर म्हणाली, "मंग सुकरीच की. तुझा आजा सुकऱ्या, माझी पणती सुकरी." आमच्याकडे जुन्या माणसांची अशीच नावं. शुक्रवारचा सुकऱ्या, बुधवारचा बुध्या. पाड्यावर एका वेळी पाच-पाच सुकऱ्या असायचे म्हणे. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, आणि आत्या बारावी पास आहे, अंगणवाडी चालवते, तिला नावांतलं कळतं.

आजीनं अडकित्ता उचलला. सुपारी कातरत बसली.

१८ जानेवारी, शनिवार

वहिनीला डबा घेऊन गेले होते. बाळ झोपलं होतं. वहिनी म्हणाली, "ताई, नाव तुम्हीच ठेवा, पण एक मागते. माझ्या पोरीला नंबर नको."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं सांगितलं. आशागडच्या शाळेत तिच्या वर्गात चार सुनिता होत्या. बाई हजेरी घेताना सुनिता एक, सुनिता दोन असं म्हणायच्या. ही तीन. एकदा धावण्याच्या शर्यतीत ही पहिली आली. माइकवरून "सुनिता" पुकारलं आणि सुनिता दोन पुढे जाऊन कंपासपेटी घेऊन आली. ही मागे उभीच. बाईंना सांगायचा धीर झाला नाही.

"अजून गावात कोणी भेटलं की 'तू तीन ना?' असं विचारतात," वहिनी हसत म्हणाली. हसली खरी, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही. मी तिला शब्द दिला. तालुक्यात दुसऱ्या कोणाचं नसेल असं नाव ठेवीन. बारसं दोन फेब्रुवारीला, रविवारी ठरलंय. दादाला सुट्टी असते.

२० जानेवारी, सोमवार

बाळ घरी आलं. येताना जीपमध्ये एकदाही रडलं नाही, उंबरा ओलांडला आणि जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

वहिनीची आई मुलीबरोबर दोन दिवस राहायला आली आहे. चहा करायला उठली आणि तिनं विचारलं, "साखर कुठं ठेवलीय?" झालं! आजीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. आई घाईघाईनं म्हणाली, "गोड म्हणा, विहीणबाई, गोड म्हणा." ती बिचारी घाबरली. तिला वाटलं आपण काही शिवी दिली की काय.

आमच्या घरात साखरेला गोडच म्हणतात. आई लग्न होऊन आली तेव्हा आजीनं पहिल्या दिवशीच तिला सांगितलं होतं. आईनं का म्हणून विचारलं नाही. वहिनीनंही विचारलं नाही. मी कासाला हॉस्टेलवर होते तेव्हा "गोड संपलं" म्हटलं की मुली लोळून लोळून हसायच्या. एकेका घराची एकेक रीत असते.

संध्याकाळी बघते तर आजीनं गोडाचा डबा पाळण्याजवळ आणून ठेवलेला. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. बाळाला सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, मध नाही, गोड नाही, पाणीसुद्धा नाही. हे मी पाड्यावरच्या सगळ्या बायांना शिकवते आणि माझ्याच घरात हे! आजी म्हणाली, "खायला नाय गं आणलं." मी म्हटलं, मग कशाला आणलं? तर गप्प. डबा उचलून वर फळीवर ठेवला. म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवावं लागतं.

२२ जानेवारी, बुधवार

नाव सापडलं!

आज अंगणवाडीत नेहमीचाच गोंधळ झाला. आमच्याकडे तीन आरोही आहेत. मी "आरोही, हात धू" म्हटलं की तिघी उठतात किंवा एकही उठत नाही. मग मोठी आरोही, शेंबडी आरोही आणि आईच्या नावानं चिमीची आरोही असं म्हणावं लागतं. शेंबडीचं नाक आता बरं आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. काव्या दोन. आर्यन तर मोजायचेच सोडले आहेत.

दुपारी पोरं गेल्यावर फोनवर नावं शोधत बसले. शोधता शोधता मिळालं: रिवाना. किती छान वाटतं उच्चारायला! अर्थ काही तरी नदीचा आहे असं लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी ताऱ्याचा होता. दोन्ही चांगलेच आहेत. मी इतकी खूश झाले की माझ्या मदतनीस पुष्पाला सांगितलं. फक्त तिलाच. तिनं गळ्याची शपथ घेतली. पुष्पाच्या पोटात काही राहत नाही असं लोक म्हणतात, पण तो तिच्यावर अन्याय आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

बाळाचं वजन करायला नर्सताई आल्या होत्या. त्यांनी कार्डावर लिहायला नाव विचारलं तेव्हा त्यांना सांगितलं. त्या सरकारी माणूस, त्या कोणाला सांगणार? कासाला बारशासाठी साडी बघायला गेले तिथे दुकानदारीणबाईंना सांगितलं, त्यांचा काय संबंध? आणि परतीच्या जीपमध्ये अमृत ड्रायव्हरनं "नाव काय ठेवणार भाचीचं?" विचारलं. आरशातून माझ्याकडेच बघत होता, तर काही तरी उत्तर द्यावं लागलं. पुढे नीट बघून चालव म्हटलं.

एवढ्याच लोकांना. बाकी कोणालाही माहीत नाही.

२६ जानेवारी, रविवार

सत्यानाश.

झेंडावंदनाला सगळा गाव शाळेत जमला होता. चिमीची बहीण तालासरीहून आली होती, कडेवर महिन्याभराचं बाळ. मी गाल धरून विचारलं, "काय नाव ठेवलं गं?" ती म्हणाली, "रिवाना. परवाच ठेवलं. पुष्पाताईनं सांगितलं, लय नवीन नाव आहे." मी पुष्पाकडे बघितलं. पुष्पा झेंड्याकडे बघत होती, राष्ट्रगीत संपून बराच वेळ झाला होता तरी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. बाहेर आले तर अमृतची जीप उभी. मागच्या काचेवर लाल अक्षरांत, फुलांच्या वेलात, 'रिवाना'. मी म्हटलं हे काय? तो खूश होऊन म्हणाला, "तुला आवडलेलं नाव म्हणून लिहून घेतलं! डहाणूच्या पेंटरकडून. कसं दिसतंय?" मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिचारा फडकं घेऊन काच पुसायला लागला, पण ऑइलपेंट होता. उद्यापासून माझ्या भाचीचं नाव कासा ते तालासरी फेऱ्या मारणार, सीट भरल्याशिवाय सुटणार नाही.

वहिनीला सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटी सांगितलं. ती हसायला लागली आणि म्हणाली, "म्हणजे आपली नंबर दोन." मग बाळाला दूध पाजायला वळली आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून बसली. मला फार वाईट वाटलं. बारसं आठवड्यावर आलं आणि माझ्याकडे नाव नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

बाळ जाम रडतं. नर्सताईंनी तपासलं, सगळं ठीक आहे, पोट साफ, वजन वाढतंय. तरी रडतं. आजी म्हणाली, "रडणारच. घरच्यांना विचारलंच नाय. कोण आलंय ते कळल्याबिगर नाव कसं ठेवता?"

घरचे म्हणजे गेलेले. आमच्यात जुनी रीत आहे. घरातलं गेलेलं माणूस बाळ होऊन परत येतं, आणि कोण आलंय ते तांदळाला विचारायचं. पितळी वाटीत पाणी घ्यायचं, त्यात बाळाचा म्हणून एक दाणा तरंगता सोडायचा. मग गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन दुसरा दाणा सोडायचा. दोन दाणे एकमेकांना येऊन चिकटले की तेच माणूस आलं. मी म्हटलं विचार, तेवढाच माझा पण वेळ जाईल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मी पाळण्याजवळून हलले नाही हेही खरं.

आजीनं "सुकऱ्या" म्हणून दाणा सोडला. तो सरळ वाटीच्या काठाला जाऊन बसला. बाबा म्हणाले, "बापाला परत या घरात यायचंच नसेल, कामं लय." जमना म्हणून सोडला, ती आजीची नणंद. तो बुडाला. लहान्या, बाबांचे काका. तोही नाही. मग आजीनं एक दाणा हातात घेतला, ओठ हलवले, आवाज काहीच काढला नाही आणि माझ्याकडे बघत तो पाण्यात सोडला.

दाणा थोडा फिरला आणि बाळाच्या दाण्याला येऊन चिकटला. आईनं हात जोडले. मी विचारलं, "आजी, हा कोणाचा?"

"म्हातारीचा."

"कोण म्हातारी?"

"माझी सासू. तुझ्या आज्याची आय."

"मग तिचं नाव काय?"

"म्हातारीच," आजी म्हणाली. मग उठली, फळीवरून गोडाचा डबा काढला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. मला वाटलं एवढ्या बसण्यानं दमली, चहा हवा असेल. मी केला, गोड जरा जास्तच घातलं. पण तिनं नीट प्यायलाही नाही. कप हातात धरून माझ्याकडेच बघत होती. वय झालं आता तिचं.

२९ जानेवारी, बुधवार

विचार केला तर वाटतं की म्हातारीचं नाव शोधायला काय हरकत आहे? जुनं आहे म्हणजे आता कोणाचं नसणार. चांगलं असलं तर ठेवू. आजीला मी पुन्हा दोनदा विचारलं, ती नुसती मान हलवते. विसरली असणार.

बाबांना विचारलं. त्यांची सख्खी आजी, त्यांना तर माहीत हवं! बाबा डोकं खाजवून म्हणाले, "आम्ही म्हातारी म्हणायचो. बापूस आये म्हणायचा. आजीला नाव कोण विचारतंय?" जमिनीच्या कागदावर पुरुषांची नावं थेट खापरपणजोबांपर्यंत आहेत, बाईचं एक नाही.

मग काकड्याबाबांकडे गेले. पाड्यावर तेच सगळ्यांत म्हातारे, त्यांनी तिला बघितलेली आहे. मी ओरडून ओरडून विचारलं. ते म्हणाले, "हां, हां. सुकऱ्याची आय."

"ते माहीत आहे. नाव काय होतं?"

"सुकऱ्याची आय."

"सुकऱ्या जन्मायच्या आधी तिला काय म्हणायचे?"

त्यांनी बराच विचार केला. "आधी ती इथं नव्हतीच," म्हणाले.

परत येताना चिडचिड झाली. एक बाई इथे येऊन आख्खा जन्म राबली, तिची शेतं आम्ही कसतो, तिच्या हातची चिंच अजून परसात उभी आहे, आणि नाव एकालाही माहीत नाही. वहिनी निदान सुनिता तीन तरी होती. हिला तर नंबरही मिळाला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

मी मूर्ख आहे. हे एकदा लिहून टाकते म्हणजे मन मोकळं होईल.

आज बारशाचे तांदूळ निवडायला बाया आल्या होत्या. पुष्पाही आली, तोंड लपवत. मी तिच्याशी बोलत नव्हते, पण तांदूळ निवडताना न बोलणं जमत नाही. तिनंच विषय काढला. आजीला म्हणाली, "बायजी आजी, एवढ्या बाया जमल्यात, नाव घ्या की!" आजीचं नाव बायजी. मला वाटलं आजी लाजेल. कसली लाजते! सूप हातात घेऊन उठून उभी राहिली आणि म्हणाली,

"तांदूळ पाखडते, कोंडा जातो उडून,
सुकऱ्याचं नाव घेते, लाजबीज सोडून."

बायांनी असा दंगा केला की कोंबड्या परसात पळाल्या. मी पण हसत होते. हसता हसता सहज म्हटलं, "आजी, नवऱ्याचं नाव तर धडाक्यात घेतलंस. आता सासूचं घे बघू!"

आजीनं जीभ चावली. "सासूचं नाव कुठं घेतात गं? नवरा आपला, त्याचं चालतं. सासूचं तोंडात आलं तर पाप. जन्मात नाय घेतलं मी."

पुष्पा म्हणाली, "माझी सासू तर तसला शब्दपण नाय घेत. तिच्या सासूचं नाव चांदी. तर ती अजून पैंजणाला रुप्याचं म्हणते. सोनाराला पण तसंच सांगते."

मी आजीकडे बघितलं. आजीनं फळीवरच्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत डब्याकडे.

माझ्या हातातले तांदूळ तसेच राहिले. किती वर्षं! आई, वहिनी, मी, आम्ही सगळ्या गोड गोड म्हणत राहिलो आणि एकीनंही विचारलं नाही. मी म्हटलं, "आजी, म्हातारीचं नाव साखर होतं?"

आजीनं दोन्ही हात कानांवर घेतले आणि मान हलवायला लागली. हो, हो, हो. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "किती वेळा डबा दाखवला तुला," म्हणाली, "आणि तू मला अंगावरचं दूध शिकवतेस!"

मी उठून तिच्या गळ्यातच पडले. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंदही झाला. मी विचारलं, मी नाव घेतलं तर चालतं का? ती म्हणाली, "तू तिच्या रक्ताची. तू घे. मी सून."

मग निवडणं राहिलं बाजूला आणि आजी सांगत बसली. म्हातारी तिकडची, गुजरातच्या हद्दीजवळची. ती जन्मली तेव्हा त्यांच्या पाड्यावर हे डब्यातलं कोणाच्या घरी दिसायचं नाही, गूळसुद्धा सणालाच. तिच्या बापानं एकदा कुठल्याशा लग्नात चाखलेलं. जे घरात नव्हतं त्याचं नाव त्यानं पोरीला ठेवलं. "नाव तसं, पण जीभ मिरचीची," आजी म्हणाली. "माझी भाकर वाकडी, माझी लावणी वाकडी, माझं सगळं वाकडं. उठता बसता बोलायची. पण रवी झाला तेव्हा मला ताप भरला, तर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली ती ताप उतरेस्तोवर हलली नाय. कोणाला हात लावू दिला नाय." रवी म्हणजे आमचे बाबा. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उठल्यावर मात्र शंका यायला लागल्या. साखर! शाळेत पोरं चिडवतील. मुंगी लागली म्हणतील. पुढे साखर खाऊ नका असं डॉक्टर सांगतील तेव्हाही हसतील. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "कंपनीत काय सांगू? पोरीचं नाव काय, तर साखर?" आणि मग स्वतःशीच चार-पाचदा म्हणून बघितलं. शेवटी म्हणाला, "ऐकायला वाईट नाय पण."

फोनवर नावांच्या सगळ्या याद्या बघितल्या. कुठेच नाही. ही चांगली गोष्ट आहे.

दुसरी भीती पुष्पाची. कालचं सगळं तिनं ऐकलेलं. मी सकाळीच तिच्या घरी जाऊन धडकले. म्हटलं, कोणाकोणाला सांगितलंस? तिनं कबूल केलं. विहिरीवर सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं, चिमीच्या भावजयीला फोन करून सांगितलं, तिला आठवा महिना आहे. "पण घाबरू नको," म्हणाली, "सगळ्या म्हणाल्या, असलं नाव कोण ठेवणार!"

पुष्पाच्या तोंडून आजवर इतकी चांगली बातमी मी ऐकली नव्हती.

राहिली वहिनी. तिला मी स्पष्ट सांगितलं की आवडलं नाही तर नाही म्हण, मी अजून रात्रीतून शोधीन, मान माझा असला तरी पोरगी तुझी आहे. वहिनीनं बाळाला समोर धरलं, तिच्याकडे नीट बघितलं आणि हळूच हाक मारली, "साखर." बाळानं जांभई दिली. वहिनी म्हणाली, "ताई, माइकवरून हे नाव पुकारलं ना, तर दुसरी कोणी उठणारच नाही." आणि रडायला लागली. मी पण रडले. बाळ मात्र, आल्यापासून पहिल्यांदाच, गप्प होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

बारसं झालं! हात दुखतायत, पाठ दुखतेय, तरी लिहिते.

पाळण्याला झेंडूची माळ, आशागडची माणसं, पाड्यावरची झाडून सगळी. अमृत आपल्या जीपमधून पाहुण्यांना घेऊन आला. मागच्या काचेवर त्यानं त्या नावावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. मी त्याला दोनदा जेवायला वाढलं.

मी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत बुक्के घातले. सगळ्यांत जोराचा आजीचा होता. डबा कळायला इतके दिवस लावले त्याचा असणार. वहिनीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं नाव सांगितलं, "साखर." मग काकड्याबाबा ओरडले, "काय म्हणते?" दादा त्यांच्या कानात ओरडला. म्हातारबाबा थोडा वेळ तोंड उघडंच ठेवून बसले आणि म्हणाले, "अरे, ती तर सुकऱ्याची आय!" आता आठवलं!

पेढ्यांऐवजी आम्ही प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा घरात साखर हा शब्द मोकळेपणानं म्हटला. तोंडाला सवय नाही, दर वेळी आजीकडे बघत होते.

आणि तिथेच एक गोष्ट टोचली. सगळे बाळाला साखर म्हणून हाका मारत होते. काकड्याबाबासुद्धा. आजी तेवढी पाळण्याजवळ बसून "ए गोड, ए गोडुली" करत होती. म्हणजे पणतीचं नाव सगळ्या गावानं घ्यायचं आणि जिनं ते जपून ठेवलं तिनंच घ्यायचं नाही. मी वहिनीला दिलेला शब्द पाळला, पण आजीपासून काही तरी काढून घेतलं असं वाटतंय. आजीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "गप गं. मला काय त्याचं?" पण तिला आहे त्याचं. मला आता तिचं गप्प राहणं थोडं थोडं समजायला लागलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन आरोहींना मी तिघींची पूर्ण नावं घेऊन हाका मारल्या. शेंबडीला शेंबडी म्हणणं बंद. तिनं उठून माझ्याकडे असं बघितलं जसं मी दुसऱ्याच कोणाला हाक मारली.

घरी आजी अजून "गोड"च म्हणते आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी दादा-वहिनी तालासरीच्या बाजारात गेले. आई चुलीपाशी, मी अंगणात वाल सोलत होते. बाळ आजीच्या मांडीवर. बाळानं जो सूर लावला तो थांबेचना. आजीनं थोपटलं, हलवलं, "ए गोड, ए गोड" केलं, चिंचेखाली फिरवून आणलं. काही उपयोग नाही. मी उठणार इतक्यात बाळानं आजीच्या नव्या लुगड्यावर शू केली. बारशाचं लुगडं.

आजी थांबली. बाळाला दोन्ही हातांनी तोंडासमोर उचलून धरलं आणि कडक आवाजात म्हणाली,

"ए साखर! गप बस!"

बाळ गप्प. मी गप्प. चुलीपाशी आईच्या हातातला चमचा खाली पडला.

आजीनं इकडे तिकडे बघितलं, जणू कोणी तिला रागावणार आहे. कोणी नव्हतं. आभाळ पडलं नाही, कावळा ओरडला नाही. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या पोरीसारखं. "पाटावर बसायची तवर घाबरले तुला," ती बाळाला म्हणाली. "आता माझ्या मांडीवर आलीस. माझ्यावरच मुततेस. आता मी कशाला घाबरू? ऐक, साखर. लय बोलणी खाल्ली तुझी. आता तू माझं ऐकायचं. काय, साखर? ऐकशील का नाय, साखर?" दर वाक्याला नाव घेत होती. किती वर्षांचं साठलेलं! मग एकदम तिला छातीशी धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं आलीस. मला तुझी जाम आठवण यायची."

मी वाल सोलत राहिले. खाली मान घालून, कारण दिसत काहीच नव्हतं.

थोड्या वेळानं आई चहा घेऊन आली. आजीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. आई सवयीनं म्हणाली, "काय झालं? गोड टाकू का अजून?"

"साखर टाक," आजी म्हणाली.